खिशात दहा डॉलर, समोर हॉटेलचा बार... आणि त्याने लावलेल्या एका फोनमधून व्यसनमुक्तीची मीटिंग जन्माला आली

११ मे १९३५. शनिवारची दुपार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन हे शहर. टायरच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं.

इथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एक उंच, सडपातळ माणूस येरझाऱ्या घालत होता. वय ३९. न्यूयॉर्कहून तो एका कंपनीचा ताबा मिळवायला आला होता आणि तो डाव सपशेल फसला होता. सोबतचे लोक परत गेले होते. खिशात जेमतेम दहा डॉलर उरले होते. हॉटेलचं बिल कसं भरायचं हेही ठरलेलं नव्हतं.

लॉबीच्या एका टोकाला बार होता. आतून हसण्याचे, ग्लासांचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि शेजारी शहरातल्या चर्चची यादी लावलेली होती.

या माणसाने पाच महिन्यांपासून दारूला हात लावला नव्हता. त्याआधीची सतरा वर्षं मात्र दारूने खाल्ली होती. बारमध्ये जाऊन नुसता सोडा घ्यावा, चार माणसांशी बोलावं, असा विचार मनात आला आणि तो हादरला. असा साधा वाटणारा विचार शेवटी कुठे नेतो हे त्याला चांगलं माहीत होतं.

तो फोनकडे वळला.

त्याचं नाव विल्यम ग्रिफिथ विल्सन. जग त्याला बिल डब्ल्यू या नावाने ओळखतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसतं एए म्हणतात, त्या संघटनेचा तो सहसंस्थापक.

आता तुम्ही म्हणाल, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यात बसून अमेरिकेतल्या बिलची गोष्ट कशाला वाचायची?

तर धानोरा असो, चामोर्शी असो की चंद्रपूर, घरोघरी एक प्रश्न सारखाच असतो. दारू सोडायची आहे, पण जायचं कुठे आणि बोलायचं कुणाशी? हाच प्रश्न घेऊन बिल त्या लॉबीत उभा होता. त्याला जे उत्तर सापडलं, त्याला आज आपण मीटिंग म्हणतो.

बारच्या मागच्या खोलीत जन्म

बिलचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ चा. व्हरमाँट राज्यातलं ईस्ट डोर्सेट हे छोटंसं गाव. आजीचं तिथं हॉटेल होतं आणि बिल जन्मला तो हॉटेलच्या बारमागच्या खोलीत. वडील संगमरवराच्या खाणीवर कामाला. पिणं घराला नवीन नव्हतं. वडिलांचे वडील तर नामांकित पिणारे. एक दिवस डोंगरावर गेले, तिथं त्यांना काहीतरी साक्षात्कार झाला आणि त्यानंतर त्यांनी दारूला कधीच हात लावला नाही, असं घरात सांगितलं जायचं.

बिल दहा-अकरा वर्षांचा असताना आई-वडील वेगळे झाले. वडील दूर कॅनडात निघून गेले, आई शिकायला बोस्टनला गेली. बिल आणि त्याची बहीण आईच्या आई-वडिलांकडे राहिले.

एकदा आजोबा सहज म्हणाले की, बूमरँग फक्त ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनाच बनवता येतं. झालं. पोरगं इरेला पेटलं. सहा महिने लाकडं तासत बसला, शेवटी स्वतःच्या पलंगाची फळी कापली आणि फेकलेलं परत येईल असं बूमरँग बनवूनच दाखवलं. आपण सगळ्यांच्या पुढे असलं पाहिजे, नाहीतर आपण कुणीच नाही, ही त्याच्या डोक्यातली गाठ तेव्हाची.

शाळेत त्याला एक मुलगी आवडली. बर्था नावाची. १९१२ साली एका शस्त्रक्रियेनंतर ती अचानक वारली. बिल कोसळला. अभ्यास सुटला, उदासी आली. ही उदासी पुढे आयुष्यभर त्याच्याकडे येत-जात राहिली.

पहिला ग्लास

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि बिल लष्करात तरुण अधिकारी झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डजवळ त्याची छावणी होती. तिथल्या श्रीमंत घरांतून या अधिकाऱ्यांना पार्टीची आमंत्रणं यायची.

खेड्यातला पोरगा. चार लोकांत बोलायची लाज. हात कुठे ठेवावेत कळेना. अशाच एका पार्टीत कुणीतरी त्याच्या हातात ग्लास दिला.

तो ग्लास पोटात गेला आणि आपल्यात आणि लोकांत असलेली भिंत पडली असं त्याला वाटलं. पहिल्यांदाच आपण या लोकांतले आहोत असं वाटलं. इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बिलला दारूतून सगळ्यात आधी सोबत मिळाली. पुढे दारू सुटली तीही सोबतीमुळेच.

२४ जानेवारी १९१८ रोजी त्याचं लग्न लोइस बर्नहॅमशी झालं. ती ब्रुकलिनमधल्या डॉक्टरची मुलगी, बिलपेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला वाटलं, आपलं प्रेम याची दारू सोडवेल. आपल्याकडेही लग्न लावून दिलं की पोरगा सुधारेल असं म्हणतातच की. तसं झालं नाही.

युद्धावरून आल्यावर त्याने रात्रीच्या वर्गात कायद्याचा अभ्यास केला, पण एका अंतिम परीक्षेला तो इतका प्यालेला होता की धड लिहिता येईना. तरी डोकं तल्लख. शेअर बाजारात लोक कंपनीची काहीच माहिती न घेता पैसे लावतात, हे त्याने हेरलं. १९२५ मध्ये नवरा-बायको साइडकार लावलेल्या हार्ले-डेव्हिडसनवर निघाले. तंबूत मुक्काम करायचे आणि कारखान्यांची आतली माहिती काढायचे. त्याचे अहवाल वॉल स्ट्रीटला आवडले. पैसा आला.

पैशासोबत दारूही वाढली. आणि हे सगळं कधी? तर १९२० ते १९३३ या काळात, जेव्हा अख्ख्या अमेरिकेत दारूबंदी होती.

गडचिरोलीच्या वाचकाने इथं जरा थांबावं. आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती सहज मिळालेली नाही, गावागावातल्या बायकांनी आणि संघटनांनी लढून मिळवली आहे. बंदीमुळे दारू हाताशी येणं अवघड होतं, गावाला तिचा आधार असतो. पण ज्याला व्यसन लागलं आहे त्याच्या आतली तलफ कायद्याने जात नाही. बिलची बरीचशी वाईट वर्षं दारूबंदीतच गेली. गुत्ता बंद करणं हे एक काम आहे. पिणाऱ्याला बरं करणं हे दुसरं. दोन्ही लागतात.

खड्ड्यात

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि बिल त्याच्यासोबत. नवरा-बायको ब्रुकलिनच्या क्लिंटन स्ट्रीटवर सासऱ्याच्या घरी राहायला गेले. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करायला लागली. तिचा गर्भ तीनदा नळीत राहिला आणि मूल होण्याची आशा संपली. ती दिवसभर उभं राहून कमवायची आणि बिल तिच्या पर्समधून पैसे चोरायचा.

सकाळी हात थरथरायचे, ते थांबवायला जिन लागायची. रात्री पुन्हा शपथ घ्यायची. घरातल्या बायबलवर त्याने लिहून दिलेल्या शपथाही मोडल्या.

१९३३-३४ मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये वारंवार भरती करावं लागलं. तिथं डॉ. विल्यम सिल्कवर्थ भेटले. त्या काळात दारुड्याला लोक एक तर पापी म्हणायचे, नाहीतर कमजोर मनाचा. सिल्कवर्थ यांनी वेगळं सांगितलं. हा आजार आहे. काही माणसांच्या शरीराला दारूची जणू ॲलर्जी असते, पहिला घोट गेला की शरीर आणखी मागतं. आणि मनाला असा ध्यास असतो की सगळं भोगूनही माणूस पुन्हा त्या पहिल्या घोटाकडे जातो.

बिलला हायसं वाटलं. आपल्याला काय झालंय हे कळलं म्हणजे आता सुटलो, असं त्याला वाटलं. पण तो पुन्हा प्यायला. नुसत्या माहितीने दारू सुटत नाही हे त्याला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी लोइसला सांगून टाकलं की, याला कायमचं डांबून ठेवावं लागेल, नाहीतर हा वेडा होईल किंवा मरेल.

स्वयंपाकघरातला मित्र

नोव्हेंबर १९३४. बिल घरी एकटाच पीत बसला होता. जुना मित्र एबी थॅचर भेटायला आला. एबी म्हणजे बिलच्याही वरचा पिणारा. बिल खूश झाला, आता कंपनी मिळाली. त्याने ग्लास भरून पुढे सरकवला.

एबीने तो घेतला नाही.

एबी ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या एका धार्मिक गटात जाऊ लागला होता. आपल्या चुका दुसऱ्या माणसाजवळ कबूल करायच्या, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची, प्रार्थना करायची आणि दुसऱ्याला मदत करायची, अशी त्या गटाची शिकवण होती. देवाधर्माचं बोलणं बिलला पटत नव्हतं. पण एबीने उपदेश केला नाही. त्याने फक्त स्वतःचं काय झालं ते सांगितलं. आणि समोर बसलेला एबी शुद्धीत होता, हे तर बिलला डोळ्यांनी दिसत होतं.

११ डिसेंबर १९३४ रोजी बिल पुन्हा टाउन्स हॉस्पिटलमध्ये गेला. त्या दिवसानंतर त्याने दारू घेतली नाही. तिथं एका रात्री खोली प्रकाशाने भरून गेल्याचा आणि मन एकदम शांत झाल्याचा अनुभव त्याला आला. त्याला तेव्हा बेलाडोना हे औषध दिलं जात होतं, त्याचाही तो परिणाम असेल असं काही जण म्हणतात. आपण वेडे झालो की काय, अशी शंका खुद्द बिललाच आली. डॉ. सिल्कवर्थ यांनी समजावलं की, जे काही झालं आहे ते आधीच्या अवस्थेपेक्षा बरंच बरं आहे, ते धरून ठेव.

बाहेर आल्यावर बिल पेटलाच. जगातल्या सगळ्या दारुड्यांना सुधारायचं. आश्रयगृहातून, हॉस्पिटलमधून पिणाऱ्यांना शोधून तो आपल्या प्रकाशाची गोष्ट सांगत सुटला. पाच महिने त्याने हे केलं.

एकाचीही दारू सुटली नाही.

सिल्कवर्थ यांनी त्याचा कान धरला. तू प्रवचन देतोस, असं त्यांचं म्हणणं. आधी आजाराबद्दल बोल, स्वतःची फजिती सांग. आणि लोइसने दुसरी बाजू दाखवली. बाकी कुणाची सुटली नसेल, पण या धडपडीत तू स्वतः तर प्यायला नाहीस ना?

सहा तास

आता पुन्हा ॲक्रनच्या लॉबीत येऊ.

बिलला तिथं जे सुचलं ते हेच होतं. आपल्याला आत्ता एक दारुडा हवा आहे. त्याला वाचवायला नव्हे, स्वतः वाचायला.

त्याने यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावला आणि विचारलं की, शहरात कुणी दारूशी झगडणारा माणूस आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. पाद्र्याने काही नावं दिली. एकामागून एक फोन झाले. कुणी घरी नव्हतं, कुणाला वेळ नव्हता. शेवटी धागा हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. गुडइयर टायर कंपनीच्या संस्थापकाची ती सून. तिच्या ओळखीत एक सर्जन होते, डॉ. रॉबर्ट स्मिथ. वय ५५. दारूपायी त्यांची प्रॅक्टिस बुडत चालली होती.

भेट त्याच दिवशी व्हायची होती. पण डॉक्टर त्या दिवशी मदर्स डेसाठी बायकोला कुंडी घेऊन घरी आले ते इतके प्यालेले की जागचे हलूही शकत नव्हते. भेट दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाचला ठरली. बायकोच्या आग्रहाखातर डॉक्टर आले, पण पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही या अटीवर.

हेन्रिएटाने दोघांना एका छोट्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं.

दोघे बाहेर आले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

आत काय झालं? बिलने उपदेश केला नाही. त्याने आपल्या चोऱ्या, थरथरणारे हात, मोडलेल्या शपथा, हॉस्पिटलच्या वाऱ्या, सगळं सांगितलं. डॉ. बॉब यांना आयुष्यभर बायकोने, सहकाऱ्यांनी, पाद्र्यांनी समजावलं होतं. पण स्वतः भोगलेला माणूस आपल्या भाषेत बोलतोय, हे पहिल्यांदाच घडत होतं. शिवाय हा माणूस उपकार करायला आलेला नव्हता. तो स्वतःच मदत मागत होता.

गोष्ट इथं लगेच गोड झाली नाही. काही दिवसांनी डॉ. बॉब एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊन परत आले. बिलने आणि घरच्यांनी त्यांना सावरलं. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटची दारू घेतली. तीही एक बिअर होती, ऑपरेशन करताना हात थरथरू नयेत म्हणून बिलनेच दिलेली. एए संघटना हाच आपला जन्मदिवस मानते.

मग दोघे मिळून तिसरा शोधायला निघाले. ॲक्रनच्या हॉस्पिटलमध्ये बिल डॉट्सन नावाचा वकील होता. सहा महिन्यांत आठव्यांदा भरती. हे दोघे त्याच्या खाटेशेजारी बसले आणि आपापली गोष्ट सांगितली. तो बाहेर पडला तो शेवटपर्यंत प्यायला नाही. आता तीन झाले होते.

पैशाला नाही म्हणणारी संघटना

न्यूयॉर्कला परतल्यावर बिलने क्लिंटन स्ट्रीटच्या घरी दर मंगळवारी मीटिंग सुरू केली. पिणारे लोक घरातच राहायला यायचे. लोइस दिवसा नोकरी करून रात्री सगळ्यांचं जेवण बघायची.

याच काळात टाउन्स हॉस्पिटलने बिलला नोकरी देऊ केली. पगार, ऑफिस, सगळं. बिल उड्या मारतच घरी आला. पण मीटिंगला जमलेल्या लोकांनी सांगितलं, हे चालणार नाही. तू पगारी झालास की आपल्यातला राहणार नाहीस. घरात दमडी नसताना बिलने ते ऐकलं. संस्थापकाने गटाचं ऐकलं, ही पद्धत तिथून पडली.

अब्जाधीश जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्याकडे मोठी रक्कम मागायला ही मंडळी गेली, तेव्हा त्यांनी १९३८ मध्ये फक्त पाच हजार डॉलर दिले. जास्त पैसा आला तर हे काम बिघडेल, असं त्यांचं मत होतं. बिल तेव्हा हिरमुसला. पुढे संघटनेने नियमच केला की, बाहेरच्या कुणाकडून देणगी घ्यायची नाही. सदस्य जे स्वेच्छेने टाकतील त्यात भागवायचं.

एप्रिल १९३९ मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हे पुस्तक आलं. संघटनेला नाव त्याच पुस्तकावरून पडलं. त्यातल्या बारा पायऱ्या बिलने लिहिल्या. दारूपुढे आपलं चालत नाही हे मान्य करणं, स्वतःचा प्रामाणिक हिशोब मांडणं, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं आणि हे सगळं दुसऱ्या व्यसनी माणसापर्यंत पोचवणं, हा त्यांचा गाभा. गटातल्या नास्तिकांनी देवाच्या उल्लेखावर वाद घातला. तेव्हा ज्याला जशी कळेल तशी शक्ती, अशी सोय त्यात झाली.

त्याच महिन्यात कर्जापायी बिल आणि लोइसचं घर गेलं. पुढची दोन वर्षं ते मित्रांच्या घरी, आज इथं तर उद्या तिथं, असे राहिले. १ मार्च १९४१ ला सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकात एएवर लेख आला आणि वर्षभरात सदस्य सुमारे दोन हजारांवरून आठ हजारांवर गेले.

लोइसचीही एक गोष्ट आहे. एकदा बिल मीटिंगला चल म्हणून घाई करत होता. तिने चिडून त्याच्या दिशेने बूट फेकून मारला. नंतर ती विचारात पडली. इतकी वर्षं दारू सुटावी म्हणून देव पाण्यात ठेवले, आणि आता सुटली तर मला राग का येतोय? व्यसन पिणाऱ्याला एकट्याला होत नाही, अख्खं घर आजारी पडतं, हे तिला उमगलं. त्यातून १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन ही वेगळी संघटना उभी राहिली.

बिल संत नव्हता. दारू सुटल्यावरही त्याला नैराश्याने वर्षानुवर्षं छळलं. त्यावर उपाय म्हणून त्याने एलएसडीचे प्रयोगही करून पाहिले, त्यावरून टीका झाली. सिगारेट तर त्याला फार उशिरापर्यंत सुटली नाही आणि शेवटी फुप्फुसाच्या आजारानेच तो गेला. शेवटच्या आजारपणात त्याने व्हिस्की मागितल्याच्या नोंदी नर्सच्या वहीत आहेत. ती दिली गेली नाही. २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, मायामीत त्याचं निधन झालं. छत्तीस वर्षं तो प्यायला नव्हता.

येल विद्यापीठाची मानद पदवी त्याने नाकारली होती. टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर यायलाही नकार दिला होता. नाव गुप्त ठेवायचं हा नियम त्याने स्वतःलाही लावला. ज्या पोराला सगळ्यांच्या पुढे असायचं होतं, तो आडनाव न लावता जगला. १९५५ मध्येच त्याने संघटना सदस्यांच्या हाती सोपवली होती.

बिल ते धानोरा

एए भारतात १९५७ साली आली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तिच्या मीटिंग भरतात. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीतून. तिथंही जे स्वतः व्यसनातून बाहेर पडले तेच पुढे नव्या माणसाचा हात धरतात. सूत्र तेच.

आणि धानोरा? गडचिरोलीहून धानोऱ्याकडे येताना चातगाव लागतं. तिथंच डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेचं शोधग्राम आहे. सर्च, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तिपथ अभियानाने गावागावात संघटना बांधल्या, तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक सुरू केली आणि गावात शिबिरं घेतली. म्हणजे धानोऱ्याच्या माणसाने सुरुवात कुठून करायची, तर मुक्तिपथचं क्लिनिक, ग्रामीण रुग्णालय किंवा आपल्या गावची आशाताई. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. मोबाइलला रेंज असेल तर एएच्या ऑनलाइन मीटिंगला घरूनही बसता येतं.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम, आपल्या मनाने दारू बंद करू नये. घाम सुटणं, हात कापणं, झटके येणं, भास होणं असं होऊ शकतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग मीटिंग. बिलसुद्धा हॉस्पिटलमधूनच बाहेर पडला होता.

मीटिंगमध्ये होतं तरी काय? खुर्च्या किंवा सतरंजी, चहा, तास-दीड तास. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत, जात तर नाहीच. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. एकेक जण आपलं नाव आणि आपला अनुभव सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ले देत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही नुसतं ऐकून उठलात तरी चालतं. काही मीटिंग सगळ्यांसाठी खुल्या असतात, तिथं घरच्यांनाही येता येतं. इथं ऐकलेलं बाहेर जात नाही. मध्येच प्यायलात तरी परत येता येतं. डॉ. बॉबही प्यायले होते. ज्याने बिलला वाट दाखवली तो एबी थॅचर तर पुढे कितीदा घसरला, तरी बिल त्याला शेवटपर्यंत आपला मार्गदर्शकच म्हणत राहिला.

हे फक्त श्रद्धेवर चाललंय का? तर नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या संशोधन संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि बारा पायऱ्यांची पद्धत इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतीत सरस ठरली.

गावात लाज वाटते, सगळे ओळखतात, हे खरं आहे. मोहाची दारू इथं सणाला, देवाला, पाहुण्याला लागते, त्यामुळे कुठे थांबायचं हेही अवघड होतं. पण एकत्र बसणं या मातीला नवीन नाही. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसणारी गावं या भागात आहेत. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाने सगळ्यांनी गोल बसून, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहण्याची रीत देशाला दाखवली. गावातल्या दारूचा विषयही त्या गावाने असाच बसून हाताळला. एएच्या मीटिंगमध्येही कुणी साहेब नसतो, कुणी पाटील नसतो. मेंढ्याच्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

आणि मीटिंग जवळ नसेलच तर? एएच्या रीतीप्रमाणे दारू सोडू पाहणारी दोन-तीन माणसं एकत्र बसली की गट झाला. हॉल लागत नाही, बोर्ड लागत नाही.

म्हणून बाहेर पडताना दारूपासून सुटलेला मोठा माणूस शोधायची गरज नाही. आपल्यासारखाच झगडणारा एक जण शोधा. कदाचित तो शेजारच्या टोल्यावर असेल, आणि तोही कुणाची तरी वाट बघत असेल. त्याला सांगा, पंधरा मिनिटं बसू.

ॲक्रनमध्येही पंधराच मिनिटं ठरली होती.